कुणाचं नाव राहू नये म्हणून

विमान धावपट्टीवर नेण्याआधी मी झडपा काढायला विसरलो होतो. मी — दुसरं कुणी नाही.

हे वाक्य गेल्या दिवाळीपर्यंत माझ्या तोंडून कुणीही ऐकलेलं नव्हतं. बायकोनं नाही, भावानं नाही. आरशासमोर दाढी करतानासुद्धा मी ते कधी पुटपुटलो नाही. मनात यायला लागलं की मी ते जरा वळवून घ्यायचो — ‘झडपा राहिल्या होत्या.’ जणू त्या आपल्या आपण राहिल्या.

तुम्ही म्हणाल, माणूस विसरतो. हो, विसरतो. पण मी विसरण्याबद्दल लिहायला बसलेलो नाही — म्हणजे त्याबद्दलही लिहीन, कारण तिथून सुरुवात करणं सोपं आहे. विसरणं काही मिनिटांचं होतं. त्यानंतर जे केलं ते मी पूर्ण शुद्धीवर राहून केलं.

मी मिरजगावच्या बाजूचा. गावाचं नाव नको. आमच्या गावातला मी पहिला पायलट, आणि आमच्याकडे अशा माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. त्याचा सत्कार होतो. मी ट्रेनिंगला निघालो तेव्हा झाला, नोकरी लागली तेव्हा झाला, कॅप्टन झालो तेव्हा तर मिरवणूक निघाली. शाल, नारळ, फेटा आणि मग माइक. माइक हातात आला की आधी नावं घ्यायची. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं, मानानं आणि क्रमानं. एखादं राहिलं तर तो माणूस जेवायला थांबत नाही, आणि पुढं कुठल्या लग्नात समोर आला तर मान फिरवतो. माझ्या वडिलांचं नाव एकदा असंच राहिलं होतं, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनात. ते शेवटपर्यंत म्हणायचे की त्या टाकीचं पाणी मचूळ लागतं.

हे मी उगाच सांगत नाही. त्या दिवशी कॉकपिटमध्ये माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते यात आहे.

झालं असं की शिर्डीजवळ काकडीच्या माळावर विमानतळ झाला आणि माझी ड्यूटी अधूनमधून तिथून लागू लागली. माझे चुलते — आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो — त्यांनी ठरवलं की गावातल्या मंडळींनी हरिद्वारला जायचं, आणि दिल्लीपर्यंत विमानानं, तेही पुतण्याच्याच विमानानं. कुणीच आधी विमानात बसलेलं नव्हतं. टेम्पो ट्रॅव्हलर करून भल्या पहाटे निघालेली ती माणसं मी विमानतळावर पोहोचलो तेव्हा दारात बसून भाकरी सोडत होती.

माझ्यासोबत त्या दिवशी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून एस्तेर होती. एस्तेर भिंगारदिवे, नगरची. वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पीएफ मोडून आणि घर गहाण टाकून हिला पायलट केलेलं. नोकरी लागून तिला जेमतेम काही महिने झाले होते. अजून कायम व्हायची होती. आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी विचारलं, “कुठली गं तू?” ती म्हणाली, “नगरची, सर.” मला किती आनंद झाला होता! आमच्या धंद्यात आपल्या जिल्ह्याचं माणूस शेजारच्या खुर्चीवर मिळणं म्हणजे नवलच. मी तिला म्हणालो होतो, “काही अडचण आली तर मला सांगायचं. आपण एका मातीतले.”

हो, असंच म्हणालो होतो.

तर, माणसं विमानात बसली. तात्यांनी पिशवीतून शाल काढली. नारळ सिक्युरिटीनं आधीच काढून घेतला होता, त्यावरून ते पेटलेले होते. “नारळानं काय इमान पडतंय व्हय?” असं त्यांनी एअर होस्टेसला दोनदा विचारलं. मी कॉकपिटच्या दारात उभा होतो. सगळ्या प्रवाशांसमोर, त्या अरुंद वाटेत, त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या पडल्या. अनोळखी माणसांनीही वाजवल्या. मग तात्या माझ्या कानाशी आले.

“आता माइकवरनं गावाचं नाव घे. आन् माणसांची बी घे. एक बी सोडू नको, न्हाईतर हरिद्वारपतुर तोंडं फुगवून बसत्याल.”

मी म्हणालो, “घेतो, तात्या.”

दारं लागण्याआधी ते करून टाकायला हवं होतं. पण सत्कारात वेळ गेला होता, निघायला उशीर होत होता, आणि मी गडबडीत जाऊन खुर्चीवर बसलो. शाल घडी न करता मागच्या खुर्चीवर टाकली.

आता झडपांचं सांगतो. विमानाच्या पंखाला मागच्या कडेनं झडपा असतात, आम्ही त्यांना फ्लॅप्स म्हणतो. उड्डाणाआधी त्या थोड्या खाली काढायच्या असतात. नाही काढल्या तर विमान धावतं, पण वेळेत उचललं जात नाही, आणि धावपट्टी तर संपते. आमच्या विमानात रीत अशी, की इंजिनं सुरू झाली, जमिनीवरचा माणूस बाजूला होऊन त्यानं अंगठा दाखवला, की कॅप्टननं ‘फ्लॅप्स’ म्हणायचं आणि फर्स्ट ऑफिसरनं झडपांची दांडी ओढायची. कॅप्टन म्हटल्याशिवाय तिनं हात लावायचा नाही. म्हणजे ती दांडी माझ्या शब्दावर हलते. आणखी एक नियम आहे. इंजिनं सुरू झाल्यापासून विमान चांगलं उंचीवर जाईपर्यंत कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. साधा नियम आहे. लक्ष एकदा तुटलं की माणूस परत येतो तेव्हा जिथून उठला होता तिथं येत नाही, दोन पावलं पुढं येऊन बसतो. मधलं झालंच आहे असं त्याला वाटतं.

खालच्या माणसानं अंगठा दाखवला. मी तोंड उघडलं — आणि मला आठवलं, नावं राहिली.

मी माइक उचलला. एस्तेर म्हणाली, “सर, फ्लॅप्स?” मी डावा हात वर केला. थांब, अशा अर्थी. आणि सुरू झालो. गावाचं नाव घेतलं. मग तात्यांचं, मग माजी सरपंचांचं, सोसायटीच्या चेअरमनचं, एकेकाचं. दारामागून प्रत्येक नावाला टाळी येत होती. मला ते ऐकू येत होतं आणि — लपवत नाही — फार बरं वाटत होतं. शेवटचं एक नाव आठवेना. गुरवांपैकी म्हातारे गृहस्थ, चेहरा डोळ्यांसमोर, नाव नाही. मी माइक धरून अडलो. तेव्हा एस्तेर पुन्हा म्हणाली, हळू आवाजात, “सर, फ्लॅप्स राहिल्यात.” मी हात खाली केलाच नव्हता. तो तसाच जरा हलवला. गप्प, अशा अर्थी.

मग नाव आठवलं. घेतलं. सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली.

माइक ठेवतोय तोच टॉवरचा निरोप आला. एस्तेर त्याला उत्तर द्यायला लागली. मी ब्रेक सोडला. विमान हललं आणि मी परत आलो — दोन पावलं पुढं. चेकलिस्ट वाचताना तिनं विचारलं, “फ्लॅप्स?” मी म्हणालो, “फाइव्ह, ग्रीन लाइट.” दांडी पाचच्या खुणेवर नव्हती, हिरवा दिवा लागलेला नव्हता. मी बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं म्हणत आलेलं तोंड ते आपलं आपण म्हणालं. कॅप्टननं एवढ्या खात्रीनं उत्तर दिल्यावर तिनंही मान वर केली नाही.

धावपट्टीच्या टोकाला वळलो, इंजिनांना जोर दिला, आणि भोंगा वाजला. या चुकीसाठीच तो भोंगा बसवलेला असतो. मी लगेच जोर काढला, ब्रेक दाबला. वेग फारसा आलेलाच नव्हता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नजर दांडीकडे गेली. ती शून्यावर होती.

एस्तेरचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, “सर, मी—” मी म्हणालो, “आता नको. आधी निघू.”

प्रवाशांना सांगितलं, तांत्रिक कारणानं थांबलो होतो, आता सर्व ठीक आहे. झडपा काढल्या आणि निघालो. निघायला नको होतं. थांबून, कळवून, मगच. पण मागं गाव बसलं होतं ना.

आता जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. आतापर्यंतचं एखाद्या मित्राला कधीतरी सांगताही आलं असतं.

दिल्लीला उतरल्यावर ती म्हणाली, “सर, रिपोर्ट करायचा ना?” मी म्हणालो, “मी करतो. तू काळजी करू नकोस.” विमानात दोन यंत्रं असतात. एक आकडे साठवतं — वेग, इंजिनं, दांडी कुठं होती. दुसरं आवाज साठवतं, पण आमच्या विमानातलं ते दोनच तासांचा. जुन्यावर नवा चढत जातो. दिल्लीहून आम्हाला त्याच विमानानं पुढची फेरी करायची होती. ती झाली की एस्तेरचा आवाज पुसला जाणार होता. हे मला माहीत होतं. रिपोर्ट मी ती फेरी संपल्यावर, हॉटेलच्या खोलीत बसून लिहिला.

त्यात काय लिहिलं? लिहिलं की मी ‘फ्लॅप्स’ म्हणालो होतो आणि फर्स्ट ऑफिसरनं दांडी ओढली नाही. अनाउन्समेंट त्याआधीच संपली होती.

दोन वाक्यं. मी ती खोडली नाहीत, पुन्हा वाचून पाहिली आणि पाठवली. मग जेवायला खाली गेलो.

का केलं? या प्रश्नाची उत्तरं मी पुष्कळ तयार केली होती. ट्रेनिंग कॅप्टन व्हायची माझी वेळ आली होती. मुलगा बारावीला होता. वाटलं, नवीन आहे, तिला समज देऊन सोडतील. ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही.

चौकशीच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. तिनं सांगितलं, “मी दोनदा आठवण केली होती. सरांनी हात वर केला.” त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला तसं आठवत नाही. माझा आवाज शांत होता. ‘पुढं थोडे हेलकावे जाणवतील’ हे अठरा वर्षं लोकांना सांगून तो तयार झालेला आहे. मग त्यांनी तिला विचारलं, चेकलिस्ट वाचताना तुम्ही स्वतः दिव्याकडे पाहिलं का? ती म्हणाली, “नाही. पाहायला हवं होतं.” खोलीत खरं एकच माणूस बोललं, आणि तेच त्याच्या अंगावर आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — मी काहीतरी बोलेन अशी वाट पाहिल्यासारखं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तिला कायम केलं नाही. दुसरीकडे अर्ज केले तर आधी हेच विचारत. मग लॉकडाऊन आला, आणि ज्यांच्या नावावर कसलाच ठपका नव्हता तेही घरी बसले.

मला ताकीदसुद्धा मिळाली नाही. उलट — ऐका — माझा सत्कार झाला.

हरिद्वारहून परतलेल्या मंडळींनी गावभर सांगितलं होतं की विमानात बिघाड झाला आणि कॅप्टननं तो वेळीच ओळखून सगळ्यांचे प्राण वाचवले. चौकात माझा फ्लेक्स लागला. ग्रामपंचायतीपुढं मांडव पडला, आत भिंतीवर माझा फोटो लागला. तात्या माइकवर म्हणाले, “ह्यानं इमान जाग्यावर दाबलं म्हून आज आमी हितं दिसतोय. न्हाईतर तुमी आमच्या दहाव्याला जेवला असता!”

मांडवातून कुणीतरी ओरडलं, “तात्या, तुमी तर डोळं मिटून रामराम म्हनत हुता!”

“म्हनत हुतो की! कुनीतरी म्हनाय नको व्हय?”

सगळा मांडव हसला. मीही हसलो. शाल घेतली, या वेळी नारळही मिळाला. मग माइक माझ्या हातात आला आणि मी सर्वांची नावं घेतली. एकही राहिलं नाही.

पुढं मी ट्रेनिंग कॅप्टन झालो. नव्या मुलांना शिकवू लागलो — उड्डाणाआधी लक्ष कसं तुटतं, एक हाक, एक फोन, एक गप्पा मारणारा माणूस, आणि हातातलं काम कसं अर्धवट सुटतं. उदाहरण द्यावं लागतं. मी कोणतं दिलं असेल? नाव न घेता सांगायचो: ‘एक फर्स्ट ऑफिसर होती. कॅप्टननं सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं.’ मुलं लिहून घ्यायची. मी इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते चित्र दिसायला लागलं — तिचं लक्ष नसलेलं.

असं चाललं असतं. मला खोटं बोलायचं नाही — असंच चाललं असतं. गेल्या दिवाळीत गावी गेलो नसतो तर.

तात्यांची नात नगरमध्ये शिकायला असते. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी आमच्या तोंडी नगरच. ती अंगणात बसून सहज म्हणाली, “काका, आमच्या क्लासच्या मॅडम आधी पायलट होत्या माहितीये? गणित लई भारी शिकवतात. पेपरच्या आधी दरवेळी सांगतात — मी एकदा एक गोष्ट करायची विसरले आणि सगळं गेलं. तुम्ही उत्तर परत तपासा. दुसऱ्यानं बरोबर म्हटलं तरी स्वतः बघा.”

मी तिला मॅडमचं नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मी विचार करत राहिलो — ती म्हणते, ‘मी विसरले.’ परक्या मुलांसमोर, पेपरच्या आधी दरवेळी. मी वर्गात तिच्याबद्दल खोटं सांगतो आणि ती तेच खोटं स्वतःबद्दल सांगते, खरं समजून. असं कसं? ती तर दोनदा म्हणाली होती. तिला माहीत होतं. मग?

त्या दुपारी मी तात्यांना सगळं सांगितलं. आधी ते म्हणाले, “आता कशाला उकरतो रं? फोटू लागलाय पंचायतीत.” तंबाखू मळत होते, ती मळायची थांबली. “म्हंजी आमची नावं घ्यायच्या नादात?”

“नादात मी होतो, तात्या. तुम्ही नुसतं सांगितलं होतं.”

“आन् ती पोरगी?”

त्यांनी तंबाखू हातातून झटकून टाकली आणि आत निघून गेले. गावी असेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. फोटो त्यांनीच दुसऱ्या दिवशी काढवला, असं नंतर कळलं.

कंपनीला खरं लिहून पाठवलं. शिकवण्याचं काम गेलं, चौकशी पुन्हा उघडली आहे. माझं जे व्हायचं ते होईल, त्यावर इथं लिहिण्यासारखं काही नाही. तिच्या नावावरची नोंद दुरुस्त होईल का, माहीत नाही. झाली तरी तिची ही वर्षं कुठल्या कागदावर दुरुस्त होणार?

मग मी नगरला गेलो. सावेडीकडे, पुढच्या खोलीत क्लास आहे. बाहेर चपलांचा ढीग होता. क्लास सुटेपर्यंत मी गाडीत बसून राहिलो. मुलं गेली, तसा दारात गेलो. ती फळा पुसत होती. वळली आणि म्हणाली, “सर.”

तिनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता. मी पाहतोय हे बघून ती म्हणाली, “बाबा गेले, दोन वर्षं होतील. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, सर. शेवटपर्यंत म्हणायचे, माणूस विसरतो, बाळा.”

गाडीत मी काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. सुरुवात केली, “एस्तेर, त्या दिवशी—”

“सर, आधी मी एक विचारू?” ती म्हणाली. डस्टर अजून तिच्या हातात होतं. “मी त्या दिवशी म्हटलं होतं का हो, फ्लॅप्सचं? तेव्हा मला पक्कं आठवत होतं. पण सगळेच नाही म्हणाले. तुम्हीही नाही म्हणालात. मग हळूहळू मला वाटायला लागलं की मी मनातच म्हटलं असेन. आता खरंच आठवत नाही.”

घोकलेलं सगळं निघून गेलं.

“म्हटलं होतंस,” मी म्हणालो. “दोनदा म्हटलं होतंस. पहिल्यांदा मी हात वर केला, दुसऱ्यांदा तोच हात हलवून तुला गप्प केलं. आणि मग रिपोर्टात खोटं लिहिलं, तुझ्या शेजारी बसून खोटं बोललो. तू विसरली नव्हतीस, एस्तेर. मी विसरलो होतो. माझं चुकलं.”